सिमेंटखाली तीन हिवाळे

मी एक जुनी मातीची भिंत आहे आणि आज माझा पारा चढलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, म्हातारी माणसं आपली गोष्ट सांगायला बसली की आधी चार सुस्कारे सोडतात. मला सुस्कारे येत नाहीत, राग येतो. तो का येतो ते नीट ऐकून घ्या. ऐकूनही मीच खडूस वाटले तर खुशाल तसं म्हणा.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या मर्लकूम गावात चर्चच्या उतारावर एका ओळीत सात घरं आहेत. त्यातल्या शेवटच्या घराची पश्चिमेची भिंत म्हणजे मी. आमच्याकडचा पाऊस पश्चिमेकडून येतो. समुद्रावरून निघालेला प्रत्येक थेंब आधी माझ्या अंगावर. बाकीच्या तीन भिंती माझ्या जिवावर कोरड्या राहिल्या. त्याबद्दल त्यांनी कधी तोंडदेखले आभारही मानले नाहीत, पण ते जाऊ दे.

लंडनला राजाचं मुंडकं उडवलं, त्या सालच्या, म्हणजे सोळाशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. मागच्या शेतातली लाल माती खणली, तिच्यात बार्लीचं काड टाकलं, पाणी ओतलं आणि पाच माणसांनी व दोन बैलांनी मिळून ती तीन दिवस तुडवली. दगडाचं कमरेएवढं जोतं घातलं, त्यावर हातभर उंचीचा थर चढवला आणि सगळे निघून गेले. मला वाटलं, विसरले की काय मला! तसं नव्हतं. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा चढवायचा नसतो. महिनाभर थांबायचं, मग पुढचा हातभर. अशी मी दोन उन्हाळ्यांत उभी राहिले, चांगली दोन हात जाड. वर गव्हाच्या काडाचं छप्पर आलं. पागोळ्या माझ्या अंगापासून लांब पडाव्यात म्हणून त्याची वळचण भरपूर पुढे काढली. मग बाहेरून चुना दिला.

चुन्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच बिनसलं. मातीची भिंत पाणी पिते आणि पुन्हा वाऱ्यावर सोडून देते. आज भिजायचं, उद्या वाळायचं, असा माझा तीनशे वर्षांचा संसार. चुना त्या जाण्यायेण्याला आडवा येत नाही. फक्त तो दरवर्षी द्यावा लागतो, कारण हिवाळाभर पाऊस खाऊन त्याचे पोपडे निघतात. पोपडे निघाले म्हणजे भिंत बिघडली असं नाही. चुन्यानं आपलं काम केलं, एवढाच त्याचा अर्थ.

त्यासाठी आमच्या गावाचा एक दिवस ठरलेला होता. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी सफेदीचा सोमवार. चुना विरवणाऱ्या एंडाकॉट घराण्याच्या आवारात चुन्याचा खड्डा होता. महिनाभर आधी विरवलेला चुना त्यातून बादल्या भरभरून निघायचा. त्यात थोडी चरबी टाकायची, म्हणजे पावसात टिकतो. वास असा सुटायचा की चर्चमधल्या बाया नाकाला रुमाल लावून बसायच्या. आणि नियम काय, तर आपली भिंत आपण रंगवायची नाही. शेजाऱ्याची रंगवायची. त्या दिवशी तुमची भिंत शेजाऱ्याची. तुम्ही फक्त सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे पेले भरायचे आणि गालातल्या गालात हसायचं. इथे राहिलं, तिथे पातळ झालं, असा शब्द काढायचा नाही. तो शेजाऱ्याच्या हाताचा अपमान.

आमच्या घरात शेवटी राहिली ती ऑलिव्ह. तिच्या आजीच्या काळात एकदा शेजारच्या घरानं माझ्या खिडकीखाली ताटाएवढा तुकडा मुद्दाम कोरा ठेवला. एका कोंबडीवरून बिनसलं होतं. वर्षभर सगळं गाव तो तुकडा बघत येजा करत होतं, आणि वर्षभरात एकानंही त्याचा उल्लेख केला नाही. पुढच्या वर्षी आजीनं त्यांना केशराचे पाव नेऊन दिले आणि तुकडा भरला गेला. तेव्हा मला या नियमाचं भारी कौतुक होतं. किती सभ्य माणसं ही, असं वाटायचं. आता आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ऑलिव्ह पेथिब्रिज माझ्याच आतल्या अंगाला टेकलेल्या वरच्या खोलीत जन्मली. तिच्या पाळण्याची कड मला लागायची. गावच्या टपालाच्या खिडकीत तिनं चाळीस वर्षं तिकिटं विकली. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. घरात एकटी असली की काय बोलायची! पाद्र्याच्या लांबलचक प्रवचनाबद्दल, मैदानावर पार्किंग करणाऱ्यांबद्दल, सगळं त्या किटलीला सांगायची. मी हसून हसून अंगावरचा चुना सांडायची. दाराची कडी वाजली की मात्र एकदम, "या ना, या. छान आहे. सगळं छान आहे." अख्खं गावच तसं. जिभा घरात ठेवून बाहेर पडायचे.

मग शेजारच्या घरात डॅफ्नी विंटरबॉर्न राहायला आली. लंडनहून, नवऱ्याच्या निवृत्तीनंतर. बाई वाईट नव्हती. हे मला दातओठ खात कबूल करावं लागतं. ऑलिव्हला फ्लू झाला तेव्हा आठवडाभर सूप आणून दिलं तिनं. पण तिला स्वस्थ बसवत नसे. वर्षभरात ती गावसमितीची अध्यक्ष झाली आणि तिनं गावाचं नाव नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेत घातलं. परीक्षक एप्रिलमध्ये आले. फुलांना पूर्ण गुण, मैदानाला पूर्ण गुण. आणि शेरा काय, तर 'ओळीतल्या शेवटच्या घराच्या भिंतीची अवस्था केविलवाणी.' केविलवाणी! एप्रिलमध्ये, चुना द्यायच्या महिनाभर आधी! अरे, उन्हाळ्याच्या तोंडावर मेंढी लोकर सोडते, तिला कुणी केविलवाणी म्हणतं का?

एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालचा सफेदीचा सोमवार. नियमाप्रमाणे मी त्या दिवशी शेजारणीची, म्हणजे डॅफ्नीची. बादल्या येतील म्हणून मी वाट बघतेय, तर रस्त्यावरून घरघरत आलं मिश्रण कालवायचं यंत्र, मागे दोन गवंडी आणि सिमेंटच्या गोण्या.

"ऑलिव्ह!" डॅफ्नी टाळ्या वाजवत आली. "आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तुम्हाला. आता पुन्हा म्हणून चुना लावायला नको. पन्नास वर्षं बघायला नको या भिंतीकडे!"

ऑलिव्हच्या हातात सायडरचा घडा होता. तिचा चेहरा पांढरा पडला, मी माझ्या खिडकीतून बघत होते. तिला ठाऊक होतं. तिच्या बापानं तिला लहानपणीच सांगितलं होतं की या भिंतीला चुन्याशिवाय काही लावायचं नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती केलंत हो तुम्ही."

"आवडलं ना पण?"

"छान आहे," ऑलिव्ह म्हणाली आणि गवंड्यांचे पेले भरले.

समोर चर्चच्या कठड्यावर सॅम एंडाकॉट बसला होता. ऐंशीच्या घरातला, चुना विरवणाऱ्या घराण्यातला शेवटचा माणूस. डेव्हनभर मातीच्या भिंती लिंपून त्याचे हात ढलप्यांसारखे झाले होते. त्याच्यासारखं या विषयातलं कळणारं माणूस तीन गावांत नव्हतं. गवंडी माझ्या अंगात खिळे ठोकून जाळी बसवत होते, तेव्हा मी मनातल्या मनात ओरडत होते, सॅम, बोल रे! अरे बोल काहीतरी!

डॅफ्नीनं त्याला विचारलंसुद्धा. "कसं वाटतंय, मिस्टर एंडाकॉट?"

त्यानं पाइप तोंडातून काढला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "कडक दिसतंय." मग पाइप खिशात घातला आणि घरी गेला.

मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. एक नाही, सगळं गाव बसलं होतं. रंगही दिला, सायीसारखा पिवळट, प्लास्टिकचा. ऑगस्टमध्ये मर्लकूमला पहिलं बक्षीस मिळालं आणि मैदानात पाटी लागली. लोक माझ्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले.

आणखी एक गंमत ऐका. आमचं घर सरकारच्या जुन्या, जपून ठेवायच्या इमारतींच्या यादीत आहे. मागच्या दाराचा मोडका कडीकोयंडा बदलायचा म्हणून ऑलिव्हला दोन पानी अर्ज भरावा लागला होता आणि सात महिन्यांनी परवानगी आली होती. माझ्या अख्ख्या अंगाला सिमेंट फासलं तेव्हा मात्र जिल्हा कचेरीतून कुणी फिरकलं नाही. ती म्हणे नेहमीची डागडुजी!

पहिल्या हिवाळ्यात खिडकीच्या कोपऱ्याशी सिमेंटला केसाएवढी भेग पडली. पाणी आत आलं. येईना का, मला पाण्याची सवय आहे. पण त्याला परत जायला वाट नव्हती. ते आत उतरत गेलं आणि जोत्यावर साचलं. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या तळाची माती भाताच्या पेजेसारखी झाली. बाहेरून मी गुळगुळीत, पिवळट, बक्षीसपात्र. आतून ऑलिव्हच्या खोलीतला भिंतीचा कागद सुटून खाली लोंबू लागला आणि त्यामागे काळी बुरशी धरली. तिची चादर रोज दमट. मी माझ्या परीनं ओल धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण मी माती आहे, मित्रांनो, मी कुठवर धरणार? ज्या पोरीचा पाळणा मला टेकलेला होता, तिच्या छातीत मी माझ्या अंगातली ओल घालत होते. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या गवंड्यांनाही वाटली नसेल.

ती खोकायला लागली. डॉक्टरनं विचारलं, घरात ओल आहे का? "थोडंसं दमट आहे," ती म्हणाली, "बाकी छान आहे." डॅफ्नीनं विचारलं तर म्हणाली, "वयाचा खोकला हो." तिसऱ्या हिवाळ्यात तिनं पलंग स्वयंपाकघरात आणला, चुलीजवळ, आणि वरच्या खोलीचं दार लावून घेतलं. आता ती किटलीशीही फारशी बोलत नसे. बोललं की खोकला यायचा.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात माझ्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत चीर गेली, आणि मग मात्र कचेरीतून इंजिनिअर आला. त्यानं मला लांबूनच पेन्सिलीनं टोचलं आणि कागदावर लिहिलं. राहण्यास धोकादायक. घर रिकामं करा, कुलूप लावा, पुढचं पुढे बघू. ऑलिव्हसाठी शहरात बसडेपोमागे वृद्धांच्या वसाहतीतली एक खोली ठरली. गुरुवारी तिनं कागदावर सही करायची होती. मातीच्या घराला कुलूप म्हणजे काय, ते मला विचारा. चूल विझली की ओल हातपाय पसरते. दोन वर्षांत आम्ही दोघी गेलोच असतो, ती तिकडे डेपोमागे आणि मी इकडे.

बुधवारी दुपारी ती पेट्या बांधत होती, तेव्हा सॅम एंडाकॉट निरोप घ्यायला आला. मधाची बरणी घेऊन. आमच्याकडे म्हातारे पुरुष बायकांना, त्या कितीही वयाच्या होवोत, पोरीच म्हणतात.

"निघालीस तर, पोरी."

"निघाले. बस. चहा घेशील?"

तो बसला. त्यानं बरणी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं गं."

"काय ठाऊक होतं?"

"सिमेंटचं. पहिल्याच दिवशी. जाळी ठोकताना बघितलं तेव्हाच म्हटलं, तीन हिवाळे. फार तर चार."

ऑलिव्हनं किटली खाली ठेवली. "आणि बोलला नाहीस?"

"तिचा दिवस होता. भिंत तिची. आणि माझा चुना बंद होणार, म्हणून म्हातारा जळतो असं म्हणाले असते सगळे."

"म्हणाले असते तर म्हणाले असते! मेला असतास का त्यानं?"

"तू तरी कुठे बोललीस?" सॅम म्हणाला. "तुला पण ठाऊक होतं. हातात घडा घेऊन उभी होतीस."

ऑलिव्हला खोकल्याची उबळ आली, ती टेबलाला धरून तिनं काढली. मग तिनं कोळसे फोडायची हातोडी उचलली आणि ती बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली, चौऱ्याहत्तर वर्षांची, स्वयंपाकाचा एप्रन बांधलेली. आणि तिनं पहिला घाव घातला. मित्रांनो, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! सिमेंटचा परातीएवढा तुकडा खाली पडला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला वारा लागला.

आवाजानं डॅफ्नी धावत आली. "ऑलिव्ह! अहो, काय करताय! भिंतीचा सत्यानाश होईल!"

"झालाय," ऑलिव्ह म्हणाली. "तीन वर्षांपूर्वीच."

"पण मी तर तुमच्या भल्यासाठी... तुम्ही म्हणालात छान आहे!"

"खोटं बोलले. आज सोमवार नाही, डॅफ्नी. आज भिंत माझी आहे. सरका."

असं कुणी कुणाला आमच्या गावात म्हटलेलं मी तीनशे अडतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. सॅमनं तिच्या हातून हातोडी काढून घेतली, तिला मागे उभं केलं आणि पुढचे घाव स्वतः घातले. चौथ्या घावाला त्याला काहीतरी जाणवलं. "पळा," तो म्हणाला, आणि ऑलिव्हचा दंड धरून मागे सरला. मी कोसळले. सबंध नाही, पण कोपरा आणि माझा निम्मा देह भसकन रस्त्यावर आला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, मी इतकी ओली होते.

गाव जमलं. वरची खोली उघडी पडली होती. लोंबणारा कागद, काळी भिंत, दोरीवर वाळत घातलेले ऑलिव्हचे परकर, सगळं रस्त्यावरून दिसत होतं. आणि या सभ्य लोकांनी काय करावं? सगळ्यांनी एकाच वेळी माना वळवल्या. कुणाला चर्चचा मनोरा दिसला, कुणाला ढग.

"बघा ना!" ऑलिव्ह ओरडली. खोकत खोकत ओरडली. "बघा! अशा खोलीत झोपत होते मी. आता काय लाजताय?"

तेव्हा सॅमनं बूट काढले, पायमोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो माझ्या ढिगात उतरला. पायानं चाचपून म्हणाला, "माती चांगली आहे. राजाच्या वेळची. काड आणा, आणि छपराखाली टेकू द्या आधी. उभे काय राहिलात?" खानावळीच्या मालकानं वासे आणले. कुणी बार्लीचं काड आणलं. एकेक जण बूट काढू लागला. डॅफ्नी कडेला रडत उभी होती. "मी काय करू?" तिनं विचारलं. सॅम म्हणाला, "मोजे काढा आणि उतरा." उतरली बिचारी. चांगले रेशमी मोजे होते.

गुरुवारी इंजिनिअर सहीचा कागद घेऊन आला. ऑलिव्ह दारात खुर्ची टाकून बसली होती. "नाही," ती म्हणाली. त्यानं समजावलं, नियम सांगितले, आवाज चढवला. ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. शेवटी पुढचा अर्धा भाग सुरक्षित आहे असं सॅमनं त्याला आत नेऊन दाखवलं, तेव्हा स्वयंपाकघरात राहायची परवानगी मिळाली.

त्या उन्हाळ्यात गावानं मला पुन्हा उभं केलं. हातभर चढवायचं, महिनाभर थांबायचं. माती तीच, मी तीच. सप्टेंबरअखेर चुना लागला. ख्रिसमसच्या आठवड्यात ऑलिव्हचा पलंग पुन्हा वरच्या खोलीत गेला. किटलीशी गप्पा सुरू झाल्या. पाद्र्याची पुन्हा हजेरी घेतली जाऊ लागली.

पण तिच्या छातीत तीन हिवाळ्यांची ओल बसली होती. माझी काढता आली, तिची नाही काढता आली. फेब्रुवारीत ती गेली, जन्मली त्याच खोलीत, कोरड्या चादरीवर. त्यानंतर तिला माझ्याजवळ एक धड हिवाळाही पुरता मिळाला नाही. तिची आई ब्याण्णव वर्षं जगली होती, याच घरात. तुम्हीच हिशोब करा आणि मग मला सांगा की मी चिडायचं नाही.

दफनानंतर सगळे खाली बैठकीत चहाला जमले होते. काय भरभरून बोलत होते! ऑलिव्ह किती सोशिक, तिनं कधी तक्रार केली नाही, घर कसं जपलं तिनं. डॅफ्नीला तर हुंदका आवरेना. पाद्री अर्धा तास बोलला. एवढ्या जिभा या गावात होत्या हे मला तोवर माहीतच नव्हतं! सॅम एंडाकॉट तेवढा कोपऱ्यात बसून होता. शेवटी तो उठला, कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं."

सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं, आणि कुणीतरी म्हणालं, यंदा डॅफोडिलची फुलं लवकर आली, नाही का?

मित्रांनो, जुन्या घरांना जपा, असं मी तुम्हाला सांगणारच आहे. वळचण लांब ठेवा, चुना वेळेवर द्या, चूल पेटती ठेवा. हे कुणीही सांगेल. माझं मागणं त्याहून साधं आहे आणि आमच्या गावाला ते अजून जमलेलं नाही. कुणाच्या भिंतीवर चुकीचं काही चढताना दिसलं आणि तुम्हाला ते कळत असलं, तर त्याच दिवशी, तिथेच उभं राहून, मोठ्यानं बोला. सगळे तुमच्याकडे वळून बघतील. बघू द्या.